पथ्य त्यांचं, गोळी माझी

काकींनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. त्यांनी माझी पिशवी उघडून पाहिली.

खडकीचं क्वार्टर सोडून आम्ही मांजरीला राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. मी भाजी आणि थोडं किराणा सामान घेऊन लिफ्टमध्ये उभी होते. दार मिटता मिटता आधी एक हात आत आला, मग डोक्यावरून पदर घेतलेली एक धिप्पाड बाई आणि सगळ्यात शेवटी, साडीच्या काठाखालून, निळेशार स्पोर्ट शूज. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीचं तोंड दोन बोटांनी फाकवलं, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "बटाटं. साबुदाणा. खारी. घरात कुणाला हाय?"

"काय?"

"शुगर वो. कुणाला हाय?"

मी उभा जन्म प्राथमिक शाळेत बाई म्हणून काढला आहे. दुसऱ्यांची दप्तरं उघडून पाहणं हा माझा प्रांत. पण त्या आवाजात असं काही होतं की मी तिसरीतल्या मुलीसारखी उत्तर देऊन बसले. "माझ्या यजमानांना आहे."

"किती हाय?"

तेवढ्यात आमचा मजला आला म्हणून सुटले.

"किती हाय?" हाच काकींचा नमस्कार, हीच विचारपूस आणि हाच निरोप. वॉचमन असो, सोसायटीचे चेअरमन असोत, कुणाकडे मुलगी बघायला आलेले पाहुणे असोत. आपल्याला मधुमेह नाही असं कुणी सांगितलं तर त्यांचा चेहरा पडायचा. मग "तपासलाय का कधी?" असं विचारून त्या स्वतःच्या मनाची समजूत घालायच्या. वयाने माझ्याहून जेमतेम वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असतील, पण सबंध इमारत त्यांना काकी म्हणायची. म्हणून मीही म्हणायचे.

काकींची ऐट समजून घ्यायची तर आमच्या इमारतीखालची जमीन समजून घ्यायला हवी. ही सगळी जमीन त्यांच्या सासऱ्यांची. तिथे ऊस व्हायचा. बिल्डरला जमीन दिली, त्या बदल्यात तळमजल्यावरचे दोन फ्लॅट एकत्र करून त्यांचं मोठं घर झालं, वरचेही काही फ्लॅट नावावर आले. काकी कुणाच्याही घरात बेल न वाजवता शिरायच्या, कारण त्यांच्या मते त्या शेतातच चालल्या होत्या. माझ्या नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आल्या तेव्हा ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हितं आमचा पाट हुता बगा. हितनं पाणी जायचं." आता ज्या बाईचा पाट माझ्या ओट्याखालून वाहत होता तिला मी बाहेर तरी कसं काढणार?

ज्यांच्या उसाचे ट्रक भरभरून कारखान्याला गेले, त्या बाईने साखर सोडली होती. कधीतरी डॉक्टरांनी त्यांना "तुमचीही वाढायला लागली आहे" असं सांगितलं. तेव्हापासून ज्वारी-नाचणी-मेथीदाण्याचं पीठ, पालेभाज्या आणि इमारतीभोवतीच्या फेऱ्या यांवर त्यांनी ती आटोक्यात ठेवली होती. एक गोळी नाही. हे वाक्य त्या अशा थाटात म्हणायच्या की ऐकणाऱ्याला आपल्या खिशातल्या गोळ्यांची लाज वाटावी. सोसायटीच्या बागेतली शोभेची झुडपं त्यांनी एका दुपारी स्वतः उपटली आणि तिथे मेथी आणि कारली लावली. कमिटीने आक्षेप घेतला तर म्हणाल्या, "ती झाडं काय करत हुती? नुसती उभी हुती." कमिटीतही पुष्कळ जण नुसते उभे असत, त्यामुळे विषय तिथेच संपला.

गणपतीत महाप्रसादाची रांग लागली की काकी वाढणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. समोर ताट आलं की ताटाकडे नाही, माणसाकडे पाहायच्या. मग वाढणाऱ्याला नुसती मान हलवून इशारा करायच्या. कुणाच्या पानात शिऱ्याची मूद पडे, कुणाच्या पानात बोटभर. गणपतीच्या दारात भांडणार कोण? लोक घरी जाऊन चडफडायचे.

सोसायटीच्या हॉलमध्ये होणाऱ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका वाण म्हणून काहीबाही देतात. रुमाल, गाळणी, प्लास्टिकचे डबे. काकींनी स्टीलची वाटी दिली. एवढीशी. माझ्या घरात देवापुढे दूध ठेवायलासुद्धा याहून मोठी वाटी आहे. हातावर ठेवताना त्यांनी प्रत्येकीला बजावलं, "भात ह्याच वाटीनं. एकदाच. चेपून भरायचा न्हाई."

बायका खाली जिन्यात हसत होत्या. मीही हसले. घरी येऊन वाटी ओट्यावर टाकली आणि ह्यांना म्हटलं, "बघा, तुमच्या भाताचं माप आलंय."

ह्यांनी वाटी उचलली, फिरवून फिरवून पाहिली आणि त्या दिवसापासून त्याच वाटीने भात घ्यायला लागले.

इथून माझ्या दुखण्याला सुरुवात झाली.

आमचे हे दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. स्वभावाने असे की युनियनलाही हो आणि साहेबालाही हो. निवृत्तीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी हार घातले. शुगर निघाली तेव्हापासून मी ह्यांना भात कमी करा म्हणून सांगत आले होते. गोडीत सांगितलं, रडून सांगितलं, अबोला धरला. प्रत्येक वेळी हे "हो" म्हणाले आणि भात होता तेवढाच राहिला. आणि एका परक्या बाईने दिलेल्या वाटीने एका दिवसात काम केलं. बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. मला जे काही झालं त्याला मत्सर म्हणतात. मी तो शब्द मुलांना फळ्यावर लिहून दिलेला आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

मग आमच्या घरात "काकी म्हणतात" सुरू झालं. काकी म्हणतात, आधी कोशिंबीर खावी. काकी म्हणतात, पोळीपेक्षा भाकरी बरी. काकी म्हणतात, जेवल्यावर बसू नये. एरवी सकाळी हाका मारून मारून उठवावा लागणारा माणूस माझ्या आधी उठून खाली फेऱ्या मारायला जाऊ लागला. पुढे काकी, त्यांच्या मागे हे, त्यांच्या मागे इमारतीतले आणखी चार-सहा मधुमेही, अशी ती मिरवणूक मी बाल्कनीतून पाहायची. ह्यांच्या पँटचा पट्टा सैल झाला, गालांवरची सूज उतरली. लोक भेटून म्हणायचे, "काय तब्येत केलीत हो! काकींची कमाल आहे." मी शेजारीच उभी असायची. दोन वेळा ह्यांच्या पुढ्यात ताट ठेवणारी मी, आणि कमाल काकींची.

दुपारी काकींचा डबा यायचा. त्यांच्या पिठाच्या दोन लहान भाकऱ्या आणि एखादी कडू भाजी. मी म्हणायची, "अहो, भाकरी मी करते की." हे म्हणायचे, "तू कर ना. पण आज त्यांनी पाठवलीच आहे तर..." रोज आजच असायचं. माझ्या भाकऱ्या थापता थापता फाटतात हे खरं आहे. पण माझ्या आमटीचं पाहुणे नाव काढायचे. त्या आमटीची चव काकींनी एकदा बोटावर घेतली. "गूळ घातलाय? मग हिला आमटी कशापायी म्हणायचं? खीर म्हणा की." आणि हे हसले. खो खो हसले. माझ्या आमटीवर इतकी वर्षं पोसलेला माणूस!

त्याच दिवशी काकी आमच्या घरातला साखरेचा डबा आणि गुळाची बरणी उचलून घेऊन गेल्या. "डोळ्यापुढं नगं," म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी साखर आणणारच होते. मला कुठे मधुमेह आहे? पण हे म्हणाले, "राहू दे ना." मग मीही इरेला पेटून बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. वाटलं, कुणीतरी माझ्या त्यागाचं कौतुक करील. कुणाला पत्ताही लागला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात उरली होती. गोळी.

सकाळी नाश्त्याआधी एक आणि संध्याकाळी जेवणाआधी एक. गोळी पाकिटातून काढून मी ह्यांच्या तळहातावर ठेवायची, पाणी द्यायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. ही माझी पूजाच म्हणा. काकींचा गोळीवर राग. फेरीवरून परतताना त्या जिन्यापाशी थांबून हटकून विचारायच्या, "दादा, गोळी सुटली का न्हाई?" ते माझ्या कानावर यायचं आणि मी आणखीच कडक व्हायची. मी मनाशी वाटणीच करून टाकली होती. पथ्य त्यांचं, गोळी माझी. माझ्या नवऱ्याचं ताट त्यांनी नेलं, पण ह्यांचा जीव ज्या गोळीवर आहे ती मी सोडणार नव्हते.

हे मात्र सुखात होते. मला वाटायचं, माझी गोळी घेतात म्हणजे अजून माझे आहेत. काकींना काय वाटत होतं ते मला पुढे कळलं.

दसऱ्याच्या सुमाराची संध्याकाळ. काकींनी त्या आठवड्यात नवा नियम काढला होता, की संध्याकाळची फेरी जेवणानंतर नको, जेवणाआधी. मी नेहमीसारखी ह्यांना गोळी दिली आणि कुकर लावायला वळले. हे "जरा खाली जाऊन येतो" म्हणून गेले. दुपारी भाकरीही अर्धीच खाल्ली होती. बराच वेळ गेला. आमटीला फोडणी घातली आणि खालून काकींची आरोळी आली.

"बाई! ओ बाई! खाली या! मालक कसंतरी करत्यात!"

इमारतीच्या मागे काकींच्या शेतातली जुनी विहीर आहे. आता तिच्यावर लोखंडी जाळी आहे. तिच्या कठड्यावर हे बसले होते. शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटला होता, हात लटलट कापत होते, चेहरा पांढराफटक. मी समोर जाऊन उभी राहिले तर माझ्याकडे परक्यासारखं पाहून म्हणाले, "भोंगा झाला का? शिफ्ट सुटली?"

डॉक्टरांनी गोळी सुरू करताना एकदा सांगितलं होतं, घाम, थरथर आणि असंबद्ध बोलणं म्हणजे साखर खाली गेली. मी ओरडले, "साखर! साखर द्या कुणीतरी!"

"साखर कशी खाली जाईल?" काकी म्हणाल्या. "गोळी तर सोडलीया न्हवं त्यांनी?"

"सोडली? आत्ता माझ्या हातानं दिलीय मी!"

"मला तर सोडली म्हणून सांगितलं. गणपतीपासनं!"

आम्ही दोघींनी ह्यांच्याकडे पाहिलं. तशा अवस्थेतही हे आम्हा दोघींकडे बघून आळीपाळीने हसले. दोन्हीकडे हो.

"वर जाऊन साखर आणा की!" काकी माझ्यावर खेकसल्या.

"कुठून आणू? डबा तुम्ही नेलात!"

काकींनी पदर खोचला आणि त्या निळ्या शूजमध्ये अशा पळत सुटल्या की एवढ्या देहाची बाई इतकी पळू शकते हे मी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. परत आल्या तेव्हा हातात नारळाएवढा गुळाचा खडा होता. तो त्यांनी विहिरीच्या कठड्यावर आपटून फोडला, एक तुकडा ह्यांच्या तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "चावा, दादा. चावा म्हणते ना."

आणि ह्यांनी तोंड उघडलं. हा माणूस हातातून जातोय की काय असं वाटत होतं, आणि तरीही मला तेवढंच दिसलं, की त्यांनी म्हटलं आणि ह्यांनी तोंड उघडलं. मी दुसरा तुकडा काकींच्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि माझ्या हाताने भरवला. अशा आम्ही दोघी आळीपाळीने भरवत होतो. थोड्या वेळाने घाम थांबला, डोळ्यांत ओळख आली. ह्यांनी हातावरचा गूळ पाहिला आणि काळजीने विचारलं, "पण काकी, गूळ चालत नाही ना?"

दुसऱ्या दिवशी हडपसरला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांना विचारलं, "त्यांना गोळी सोडली असं का सांगितलंत?"

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

"मग घेत का होतात?"

"हिला वाईट वाटू नये म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं?"

"मला?" ह्यांनी जरा विचार केला. "मला भूक लागायची."

मग डॉक्टर आम्हा दोघांवर चांगलेच तापले. खाणं बदललं तर गोळीचं प्रमाणही बदलावं लागतं, ते आधी येऊन सांगायचं, गोळी घेतल्यावर उपाशी फेऱ्या मारायच्या नाहीत, खिशात साखर ठेवायची. "आणि गोळी कमी-जास्त मी करणार. तुमची मंडळीही नाही आणि शेजारीही नाहीत." तपासणीचे कागद पाहून मात्र त्यांचा सूर बदलला. गोळी निम्म्यावर आणली आणि कौतुकाने म्हणाले, "पथ्य उत्तम झालंय हं. कुणी सांभाळलं?"

ह्यांना आता कुणालाच हो म्हणायची भीती वाटत होती. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "आमच्या इमारतीत एक काकी आहेत." हे वाक्य माझ्या तोंडातून कसं बाहेर पडलं ते माझं मला माहीत.

घरी आले ती तडक काकींकडे भांडायला निघाले. उरलेला गूळ कागदात बांधून घेतला होता, तो परत करायचं निमित्त. काय काय बोलायचं ते पायऱ्या उतरताना घोकलं होतं. माझ्या नवऱ्याला तुम्ही गोळी सोडायला सांगितलीत, तुम्ही डॉक्टर आहात का, आणि आजपासून डबा बंद. त्यांच्या घरात मी तोवर कधीच गेले नव्हते. त्याच आमच्याकडे यायच्या.

दार उघडंच होतं. समोर सोफ्यावर काकींचे यजमान बसले होते. शर्ट वर करून पोटावर इन्सुलिनचं पेन टोचून घेतलं, शर्ट खाली केला आणि त्याच हाताने पुढ्यातल्या ताटातली जिलबी उचलली. ताटात जिलब्यांचा ढीग, शेजारी फरसाण. दोन मुलगे, एक सून, सगळे टीव्हीसमोर बसून खात होते.

"या, बाई," यजमान जिलबी चावत म्हणाले. "आमच्या डाक्टरीणबाईचा आला का गुण?" मुलगे हसले. "औषध कशासाठी असतंय? खायला मिळावं म्हणून. तेवढं हिला कळत न्हाई." मग आतल्या दिशेने आवाज चढवला, "ए, चहा अगोड केलायस. साखर टाक अजून. गावाला शिकवून झालं आसंल तर!"

काकी आतून आल्या. माझ्याकडे पाहिलं, पण "किती हाय?" म्हणाल्या नाहीत. नवऱ्याचा कप उचलला, त्यात साखर घातली, चमच्याने ढवळली आणि त्यांच्या हातात दिला. ज्या बाईच्या नुसत्या मानेच्या हालचालीने गणपतीच्या रांगेतली ताटं रिकामी जायची, तिने एक शब्द उच्चारला नाही. फ्रिजवर माझ्याच साखरेचा डबा होता. त्यातलीच साखर असावी.

त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. घोकलेलं सगळं मी विसरले होते. गुळाची पुडी हातात दिली आणि तेवढंच सांगितलं, की डॉक्टरांनी गोळी निम्मी केली.

"मी न्हवतं म्हणायला पायजे," काकी म्हणाल्या. "गोळी सोडा म्हणून. पण आमच्यात औषध आलं आन सगळ्यांची तोंडं मोकळी सुटली, बगा. म्हणून मला गोळीचा राग येतो." मग पुडी पदराखाली घेत म्हणाल्या, "तुमचे मालक ऐकत्यात, बाई. डबा पाठवला की रिकामा येतो. धुऊन येतो. तेवढ्यासाठी यायची मी."

डबा मी धुऊन पाठवत होते, हे मी बोलले नाही.

अशा वेळी कीव यावी अशी रीत आहे. मला आली नाही, खोटं कशाला सांगू? मला हेवाच वाटला, उलट आधीपेक्षा जास्त. ह्यांनी माझं ऐकलं नाही तर मी कोपऱ्यात बसून बिनसाखरेचा चहा पीत राहिले. आणि ही बाई, घरातलं कुत्रं विचारत नाही तर बूट घालून सबंध इमारतीला हाकत निघाली. ही हिंमत माझ्यात कधी आली नसती.

त्यानंतर डबा चालू राहिला, पण कायदा बदलला. काकी संध्याकाळी दारात उभ्या राहून ह्यांना नाही, मला विचारायच्या, "गोळी दिली?" मी हो म्हटलं की म्हणायच्या, "मग आता खाल्ल्याबिगर खाली सोडू नगा." ह्यांच्या खिशात साखरेची पुडी मी ठेवायची, ती आहे का ते काकी तपासायच्या. आमच्यात मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. दोन सरकारांनी एका मुलखाचा कारभार पाहावा तसं ते होतं, आणि मुलूख पूर्वीसारखाच दोन्हीकडे हो म्हणत होता.

पुढे त्यांच्या मुलांनी सासवडच्या पुढे जमीन घेतली, बंगला बांधला आणि सगळे तिकडे गेले. जायच्या आधी काकी पिठाचा डबा घेऊन आल्या. "भाकरी शिकून घ्या," म्हणाल्या. "परातीत हात कसा फिरवायचा ते दावते."

"येते मला," मी म्हटलं.

काकींनी माझ्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, डबा ठेवला आणि गेल्या. बागेतली कारली पुढच्या उन्हाळ्यात वाळली, कमिटीने परत शोभेची झाडं आणली. लिफ्टमध्ये आता माणसं एकमेकांकडे न बघता मोबाइलकडे बघत उभी राहतात. माझ्या पिशवीत काय आहे याच्याशी कुणालाही कर्तव्य नाही.

मी भाकरी एकटीने शिकले. फाटल्या, करपल्या, बोटं भाजली. ज्या करपल्या त्या मी खाल्ल्या, कारण कुणाला दाखवायच्या नव्हत्या. मग एका दुपारी तव्यावर टाकलेली भाकरी तट्ट फुगली. ह्यांच्या ताटात वाढली, त्या एवढ्याशा वाटीने भात वाढला आणि मी समोर बसले. आमच्या सबंध संसारात ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला "छान" म्हटल्याचं मला आठवत नाही. जेवायचे, ढेकर द्यायचे, तीच पावती. त्या दिवशी ह्यांनी घास चावला, थांबले, भाकरीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "वा! आज अगदी काकींसारखी झाली."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. थोडा वेळ नळ सोडून उभी राहिले. मग का कोण जाणे, फोन उचलला आणि काकींना लावला. मागे टीव्हीचा आवाज येत होता, यजमान कुणाला तरी चहा मागत होते.

"काकी, आज भाकरी केली होती. हे म्हणाले, अगदी तुमच्यासारखी झाली."

टीव्हीचा आवाज लांब गेला. काकी फोन घेऊन बाहेर आल्या असाव्यात.

"आसं म्हणले?" काकी म्हणाल्या.

"हो."

"ताटावर बसून म्हणले?"

"हो, काकी. पहिल्याच घासाला."

"आमच्यात कुणी म्हणलं न्हाई वो कधी," त्या म्हणाल्या. आवाज एवढा हलका की तो त्यांचाच का अशी मला शंका आली. मग एक खाकरा आला आणि आवाज पूर्ववत झाला. "पिठात मीठ घातलं आसंल तुम्ही. घालू नगा. त्यांचं बीपी बी बगायला पायजे."

"नाही घातलं," मी ठोकून दिलं.

घातलं होतं. सासवडच्या पुढे बसून माझ्या परातीतलं मीठ दिसणाऱ्या त्या बाईचा मला तेव्हाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मीठ न घालता केली. ह्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आजची तर त्यांच्यापेक्षाही चांगली झालीय."

ते मात्र मी काकींना फोन करून सांगितलं नाही. त्यांना आदल्या दिवशी जे मिळालं होतं, ते त्यांच्याकडेच राहू दिलं. हे मात्र माझं. मी पुढची भाकरी थापायला घेतली.